शेजारी देशांचा हरितगृह वायू उत्सर्जनावरील परस्पर प्रभाव

एखाद्या देशातून किती हरितगृह वायू बाहेर पडतात, हे केवळ त्याच्या स्वतःच्या धोरणांवर ठरत नाही. सीमेपलीकडची वीज, इंधनाचे दर, कारखाने आणि कायदे यांचाही त्यात वाटा असतो. उत्सर्जनाचा राष्ट्रीय हिशेब मात्र देशाच्या हद्दीनुसार मांडला जातो, त्यामुळे हा वाटा सहसा नजरेआड राहतो.

सर्वांत ठळक दुवा विजेचा. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये भरपूर पाऊस झाला की तिथली स्वस्त जलविद्युत डेन्मार्कला मिळते; पाऊस कमी पडला की डेन्मार्कची कोळशावरची केंद्रे शेजाऱ्यांसाठी धडधडू लागत. १९९६ हे असेच कोरडे वर्ष होते. डेन्मार्कमधून विजेची निर्यात वाढली आणि त्याच्या उत्सर्जनाचा आकडा एकदम वर गेला, तो मुख्यतः देशातल्या वापरामुळे चढलेला नव्हता. म्हणूनच डेन्मार्क मूळ आकड्यांसोबत वीजव्यापाराचा परिणाम वगळून काढलेले आकडेही देत आला आहे. ही पद्धत इतरांनीही उचलायला हवी. भूतानच्या बाबतीत उलटे घडते: त्याची जलविद्युत भारतात कोळशाच्या विजेची जागा घेते, पण त्यामुळे होणारी घट भारताच्या खात्यात दिसते.

इंधनाचा हिशेब जिथे विक्री होते तिथे धरतात. लक्झेंबर्गमध्ये डिझेल बराच काळ शेजाऱ्यांपेक्षा स्वस्त होते. मालवाहू ट्रक तिथे टाकी भरून जर्मनी-फ्रान्सच्या रस्त्यांवर धावत आणि धूर मात्र लक्झेंबर्गच्या नावावर चढे. या छोट्या देशाचे दरडोई उत्सर्जन अवाढव्य दिसते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

एका देशाने कार्बनवर कर लावला की कारखाने करमुक्त शेजाऱ्याकडे सरकण्याची भीती असते. याला कार्बन गळती म्हणतात. त्यावर उपाय म्हणून युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीसाठी सीमेवरील कार्बन समायोजन यंत्रणा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाच्या उत्पादनातील उत्सर्जनावर शुल्क लावण्याची व्यवस्था, सुरू केली. सुरुवातीला फक्त उत्सर्जनाची माहिती देणे बंधनकारक होते.

प्रभाव चांगल्या दिशेनेही पसरतो. फिनलंडने १९९० मध्ये कार्बन कर आणला. स्वीडन व नॉर्वेने १९९१ मध्ये, तर डेन्मार्कने १९९२ मध्ये तोच मार्ग धरला. अर्थात शेजाऱ्यांचे हवामान, व्यापार आणि आर्थिक चढउतार बरेचदा सारखेच असतात. त्यामुळे दोघांचे आकडे एकत्र हलले, एवढ्यावरून एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे म्हणता येत नाही.