रोमन नाणे हाती आल्यावर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही भिंगे, ग्रॅमचे काटे आणि नाण्यांचे अल्बम विकतो. नाणी विकत नाही. त्यामुळे कोणते घ्या आणि कोणते टाळा, हे आम्हाला मोकळेपणाने सांगता येते.

नवख्यांना बहुधा ज्युलियस सीझरचे चांदीचे नाणे हवे असते. ते तूर्त राहू द्या. महाग असते आणि नकलाही खूप निघतात. सुरुवात चौथ्या शतकातल्या तांब्याच्या छोट्या नाण्यांनी करा. सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळात ती अमाप पाडली गेली, त्यामुळे युरोपच्या बाजारात आजही परवडतात. निशाणाशेजारी उभे दोन सैनिक, जुळ्यांना पाजणारी लांडगी, पडलेल्या घोडेस्वाराला भाला मारणारा शिपाई ही चित्रे पुन्हा पुन्हा दिसतात आणि लवकर ओळखीची होतात. चित्राच्या तळाशी टांकसाळीच्या शहराची खूण असते: ‘टीआर’ म्हणजे ट्रिअर, ‘एसआयएस’ म्हणजे सिस्किया, ‘एएनटी’ म्हणजे अँटिओक.

घासू नका

चिंच, लिंबू, पितांबरी देवाच्या भांड्यांना ठेवा. जुन्या तांब्यावरचा काळपट हिरवा थर गेला की त्याच्याबरोबर अक्षरे आणि चेहराही जातो. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, घाई करू नका. बोटाला लागणारी फिकट हिरवी भुकटी दिसली, तर तो क्लोराइडमुळे आतून खाणारा गंज आहे. असे नाणे वेगळे आणि कोरडे ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. मऊ पीव्हीसीची पाकिटे मात्र आमच्याकडूनही मागू नका, ती धातू खराब करतात.

वाचायचे कसे

आधी डोके पाहा. पानांची माळ बहुतेक काळांत दिसते. किरणांचा मुकुट बहुधा दुप्पट मूल्याची खूण असतो. इ.स. 215 साली सम्राट काराकल्लाने काढलेल्या अँटोनिनियानस या नाण्यावर तोच आहे. मोत्यांची पट्टी असेल, तर नाणे साधारणपणे कॉन्स्टंटाइनच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे.

मग अक्षरे. शब्द आखडून, मधे जागा न सोडता लिहिलेले असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, म्हणून ‘ऑगस्टस’ या सम्राटांच्या पदवीचे ‘एव्हीजी’ होते. खरी गंमत आकड्यांत आहे. सम्राट ट्राजनच्या देनारियस या चांदीच्या नाण्यावर ‘सीओएस’पुढे व्ही, म्हणजे रोमन पाच, असेल तर तो तेव्हा पाचव्यांदा कॉन्सल (रोममधले एक मोठे पद, त्याचेच आखूड रूप ‘सीओएस’) होता आणि नाणे 103 ते 111 या काळातले. पुढे सहा असेल, तर 112 किंवा नंतरचे. सम्राटाचे नाव निम्मे झिजलेले असले तरी असा आकडा काळ सांगून जातो.

वजनही बोलते. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी देनारियस साधारण 3.9 ग्रॅमचा होता. 64 साली नीरोने तो सुमारे 3.4 ग्रॅमवर आणला. पुढे चांदीत भेसळ वाढत गेली, आणि 260 नंतरच्या दशकातली बरीच ‘चांदीची’ नाणी म्हणजे चांदीचा मुलामा दिलेले तांबेच.

कडेने जाणारी शिवण, बारीक बुडबुड्यांचे खड्डे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरे दिसली की नाणे ओतीव आहे, अशी शंका घ्या. खरी नाणी बहुतेक ठसा ठोकून पाडलेली असतात. दोन नाण्यांवर झीज आणि ओरखडे हुबेहूब सारखे असतील, तर दोन्ही परत करा. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी मात्र प्राचीन काळीच बनत, आणि आम्हाला ती खऱ्याइतकीच मोलाची वाटतात.

भारतातली नाणी आणि कायदा

ऑगस्टस आणि तिबेरियसचे देनारियस दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूर परिसरात, मोठ्या संख्येने सापडले आहेत. सोन्याच्या काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्तीही रोमशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देते.

शेतात किंवा घराच्या पायात जमिनीखाली असे काही सापडले, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही आणि विक्रेत्याकडे परवाना लागतो. परवाना पाहा, पक्के बिल घ्या, ते अल्बममध्येच ठेवा.

ओळख पटवून हवी असेल, तर दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, ग्रॅममधले वजन आणि मिलिमीटरमधला व्यास पाठवा. ओळख सांगू, किंमत सांगत नाही.