दुसऱ्या पिंपाची करामत

अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिल शहरातली ‘एंजल्स एन्व्ही’ ही मद्यकंपनी 2012 पासून दरवर्षी थोड्याच बाटल्यांची ‘कास्क स्ट्रेंथ’ बर्बन, म्हणजे पिंपातून काढल्यावर पाणी न घातलेली मक्याची अमेरिकी व्हिस्की, काढते. अल्कोहोल साधारण 60 टक्के. शौकीन तिच्यामागे लागतात ते मुख्यतः एका गोष्टीसाठी: शेवटचा काही काळ ती पोर्ट या गोड पोर्तुगीज वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली असते. यालाच ‘फिनिश’ म्हणतात. माझ्या मते मात्र बाटलीवर नाव दुसऱ्या पिंपाचे मिरवते आणि राबलेले असते पहिलेच.

अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका हवा आणि ती मुरवायला आतून जाळलेले, नवे कोरे ओकचे पिंप हवे. या जाळण्यातच बरेच काही घडते. उष्णतेने लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन तुटते आणि व्हॅनिला व धुराचे वास देणारे व्हॅनिलिन, ग्वायकॉल तयार होतात. लाकडातल्याच हेमिसेल्युलोज या घटकाच्या साखरेचे कॅरमल बनते. खोबऱ्यासारखा वास ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या संयुगांचा. कोळशाचा थर कच्च्या मद्यातली गंधकयुक्त संयुगे शोषून घेतो. केंटकीच्या उन्हाळ्यात मद्य प्रसरण पावून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते. अशी वर्षे जातात. मग पिंप बर्बनसाठी बाद होते आणि स्कॉटलंडला किंवा आणखी कुठे जाते. गोव्यातली ‘पॉल जॉन’ व्हिस्की अशाच पिंपांत मुरते.

नव्या पिंपाची ही देणगी डोळ्यांनीही दिसते. लुईव्हिल विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकी व्हिस्की पाणी घालून सुमारे 20 टक्क्यांवर आणली आणि तिचे थेंब सुकवले. मागे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उरली. जुन्या पिंपांतल्या स्कॉचने अशी नक्षी काढली नाही.

पोर्टच्या पिंपाचे काम वेगळे. तिथे लाकडात काही लिटर वाइन आधीच मुरलेली असते. तिची साखर, फळांचे वास, लालसर रंग अल्कोहोलमध्ये सहज उतरतात. नवे काही घडवायचे नसल्याने महिन्यांत काम होते. फार रेंगाळले तर मूळ चव दबते.

आता ग्लास. पहिल्या घोटाला जीभ पोळते, त्याचे कारण ‘टीआरपीव्ही1’ हा मज्जातंतूंवरचा ग्राही, म्हणजे उष्णता टिपणारे प्रथिन. एरवी तो 42 अंश सेल्सियसच्या आसपास भाजल्याची खबर देतो. अल्कोहोल ही पातळी 34 अंशांपर्यंत खाली आणते आणि तोंडाचे तापमान तर त्याहून जास्तच! म्हणजे आपण आपल्याच उबेने पोळतो.

म्हणून पाणी घालायला लाजू नये. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर दाखवले की 45 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या मिश्रणात धुराचा वास देणाऱ्या ग्वायकॉलचे रेणू पृष्ठभागाशी गोळा होतात, म्हणजे नाकाच्या जवळ येतात. 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोल त्यांना घेरून आतच ठेवते. 60 टक्क्यांची 30 मिलिलिटर व्हिस्की 45 टक्क्यांवर आणायला 10 मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे पाणी पुरते. आधी कोरीच हुंगावी, मग पाणी घालून. मनुका, बेदाण्यांच्या मागून व्हॅनिला आणि खोबरे पुढे आले तर फिनिश जमले. नुसत्या मनुकाच येत राहिल्या तर त्या बाटलीसाठी जादा पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा सरळ पोर्ट घ्यावी.