सिझेरियनची टक्केवारी नेमकी कुणाची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाल्याचं दिसलं. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं, खासगीत ४७.४. हे आकडे वाचून राग येतो आणि तो बराचसा रास्तही आहे. तरी निव्वळ एकूण टक्केवारीवरून एखाद्या रुग्णालयाला बोल लावता येत नाही. जिथे चार तालुक्यांतून अडलेल्या बाळंतिणी पाठवल्या जातात, तिथे सिझर जास्त होणारच.

मग तुलना करायची कशी? प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉबसन यांनी २००१ साली यावर साधा उपाय मांडला: आधी बायकांचे गट पाडा, मग प्रत्येक गटात किती सिझर झाली ते मोजा. पहिलटकरीण, दिवस भरलेले, पोटात एकच मूल, त्याचं डोकं खाली आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, हा पहिला गट. बाकी सगळं तसंच, पण कळा औषधानं आणल्या किंवा कळांआधीच सिझर केलं, तर दुसरा. आधी नॉर्मल बाळंतपण झालेल्यांचे असेच दोन गट, तिसरा आणि चौथा. आधीचं सिझर असलेल्या पाचव्या गटात. पुढे पायाळू (पहिलटकरणींचा गट वेगळा, बाकीच्यांचा वेगळा), जुळी, आडवी आणि सदतीस आठवड्यांआधीची बाळंतपणं. असे दहा गट. प्रत्येक बाई त्यांतल्या एकाच गटात बसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये हीच पद्धत जगभर वापरायला सुचवली.

आता आकडे बोलू लागतात. मूल आडवं असेल तर जवळजवळ शंभर टक्के सिझर होणं योग्यच. उलट तिसऱ्या गटात ते साधारण तीन टक्क्यांपुढे जाऊ नये, पहिल्या गटात दहाच्या आत राखता येतं. तिथेच आकडा तीस-चाळीस निघाला, तर 'आमच्याकडे अवघड केसेस येतात' हे उत्तर चालत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाचव्या गटाची. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत एकूण सिझरांतला मोठा वाटा याच गटाचा असतो, आणि हा गट तयार होतो तो पहिलटकरणींच्या सिझरमधून. एकदा गर्भाशयावर टाके पडले की पुढच्या खेपेला बहुधा पुन्हा सिझर होतं. दर सिझरगणिक वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात खोल रुजण्याचा धोका वाढतो. तसं झालं तर रक्तस्राव इतका होतो की कधी गर्भाशयच काढावं लागतं. म्हणून पहिल्या बाळंतपणातला निर्णय घाईचा नको. अर्थात बाळाचे ठोके मंदावले, वार गर्भाशयाच्या तोंडावर आली, तर सिझर जीव वाचवतं; तिथे उशीर करणं घातक.

या वर्गवारीला कुठलंही यंत्र लागत नाही. लागणारी सगळी माहिती केसपेपरवर असतेच. प्रत्येक रुग्णालयानं, सरकारी असो वा खासगी, दहा गटांचा तक्ता दरवर्षी दर्शनी भागात लावावा, अशी माझी ठाम मागणी आहे.