टेबलातली तीनच उत्तरं? नाही हो

दहावीच्या ग्रुपवर कायम फिरतं, की एक्स + वाय = ५ ला तीनच उत्तरं, आलेख काढायला एक्स-वायच्या किमतींचं टेबल करतो, त्यात असतात तेवढी. वाटणं साहजिक आहे, वहीत तीनच रकाने आखतो ना आपण. पण पंचवटीच्या बाजारात ५ किलोची पिशवी भरा, थोडी थॉमसन, म्हणजे हिरवी द्राक्षं (एक्स), बाकी काळी (वाय), २ आणि ३ किलो चालेल, अडीच-अडीच चालेल, सव्वा आणि पावणेचार पण चालेल, काटा पाचच दाखवणार. आता आलेखावर (०, ५) आणि (५, ०) जोडा, रेषेवर कुठेही पेन्सिल टेकवा, दोन्ही अंक वाचून बेरीज करा, पाचच येते. रेषा पुढे वाढवली तर (७, -२) पण बसतं. रेषेला दोन बिंदू पुरतात, तिसरा आपण चूक पकडायला घेतो, तो बाहेर पडला की हिशोब परत बघा.