शाईचा गुणाकार

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. ‘भोसलेकालीन पत्र, ३०० वर्षांपूर्वीचं भाकीत!’ तपकिरी कागद, जळक्या कडा आणि वर सुबक देवनागरी टाइप. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत चालायचा हे मी लिहिलं, तर नागपूरच्या महाल भागातल्या आत्याचं उत्तर आलं, ‘‘अरे, कागदच सांगते ना किती जुना आहे तो!’’

मग मी कागदच पाहिला. फोटो मोठा केल्यावर दिसलं की घडीची रेघ एका अक्षराच्या मधून जाते, पण अक्षराला साधा ओरखडाही नाही. खऱ्या घडीवर कागदाचे तंतू तुटतात, शाई झडते आणि आतला फिका गाभा दिसतो. इथे अक्षरं कागदावर नुसती तरंगत होती.

शाई कागदावर ‘बसलेली’ दिसते ती का? शाईचा पातळ थर गाळणीसारखा असतो. प्रकाश त्यातून खाली जातो, कागदाच्या तंतूंवरून विखुरतो आणि पुन्हा शाईतून गाळून बाहेर येतो. कागद ८० टक्के प्रकाश परत देत असेल आणि शाई जाता-येता मिळून त्यातला निम्मा सोडत असेल, तर डोळ्यापर्यंत ४० टक्के येतो. कागदावर डाग असेल, तिथून ३० टक्केच परत येत असेल, तर शाईखालून १५. म्हणजे डाग शाईतूनही दिसतो. हा सरळ गुणाकार आहे, आणि फोटोशॉप किंवा गिंप या फोटोचे थर एकावर एक रचायच्या प्रोग्राममधला ‘मल्टिप्लाय’ मोड नेमका हाच करतो. पिक्सेल म्हणजे फोटोतला एक ठिपका, त्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यात लिहितात. कागदाचा पिक्सेल २०० आणि शाईचा १२८ असेल, तर २०० × १२८ ÷ २५५, म्हणजे सुमारे १००. ‘नॉर्मल’ मोडमध्ये मात्र वरचा थर खालच्याला झाकून टाकतो. त्या भाकितात हेच झालं होतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पिक्सेलचा आकडा म्हणजे प्रकाश नव्हे. १२८ हा २५५ च्या निम्मा, पण पडद्यावर त्याचा प्रकाश पूर्ण उजेडाच्या २२ टक्क्यांच्या आसपासच असतो, कारण प्रकाश साधारण आकड्याच्या २.२ व्या घातानुसार वाढतो. मग आकड्यांचा गुणाकार चुकायला नको का? नाही चुकत! गुणाकाराचा घात म्हणजे घातांचा गुणाकार, हा शाळेतलाच नियम. बेरजेला ही सवलत नाही. म्हणून लाल आणि हिरवा रंग ब्लर करून, म्हणजे धूसर करून, मिसळले की मधे मळकट काळपट पट्टा येतो, पण मल्टिप्लायमधली शाई खरी वाटते.

राहिला तपकिरी रंग. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पिवळं पडतं. लाकडाच्या लगद्याचा कागद १८४० च्या दशकानंतरचा. त्याआधीचा बराचसा कागद चिंध्यांचा, जवळपास लिग्निन नसलेला. तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. तेव्हा नुसत्या तपकिरी रंगापुढे हात जोडायचं काहीच कारण नाही.

मे महिन्यात मी गच्चीवर एक पेपर पसरून ठेवला होता, चार कोपऱ्यांना विटा आणि मधोमध स्टीलचा पेला. नागपूरच्या उन्हात चार दिवस गेले. पेला उचलला तर खाली ताज्या पेपरचा फिका गोल, आणि भोवती सगळा कागद पिवळट. मी त्याचा फोटो काढला. चित्रात जुना कागद करायचा असेल तेव्हा सगळ्यात खालचा थर मी तोच घेतो.