लाईन (शब्द आणि कोल्हापुरातील वापर)

लाईन हा इंग्रजीतून येऊन मराठीत रुळलेला अनेकार्थी शब्द आहे. छापील मजकुरात तो 'लाइन' असाही लिहिला जातो. त्याचे मूळ लॅटिन 'लिनेआ' या शब्दात आहे. 'लिनम' म्हणजे जवस, आणि 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. लिनन कापडाचे नावही याच मुळातून आले. दोरीवरून रेघ, रेघेवरून रांग आणि मार्ग असा या शब्दाचा अर्थ वाढत गेला.

हा मूळ अर्थ कोल्हापुरात गवंड्यांच्या हातात टिकून आहे. विटांचा थर सरळ यावा म्हणून दोन टोकांना ताणून बांधतात ती 'लाईनदोरी'. पावरोटीत जसे पाव आणि रोटी एकच, तसे इथे लाईन म्हणजेही मुळात दोरीच. दोन भाषांतल्या दोन दोऱ्या एका शब्दात बांधल्या गेल्या आहेत.

व्याकरणाने हा शब्द पुरता मराठी झाला आहे. तो स्त्रीलिंगी आहे आणि 'ओळ'सारखा चालतो. ओळ, ओळी, ओळीत. तशीच लाईन, लाईनी, लाईनीत. अर्थाने रांगेला जवळचा असूनही त्याने 'रांगेत'चे रूप घेतले नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दारात 'लाईनीत या' हे सर्रास ऐकू येते, आणि मुखदर्शनाची लाईन वेगळी असते.

शहराला मिरजेशी जोडणारी रेल्वे लाईन 1891 मध्ये सुरू झाली. ती कोल्हापुरातच संपते. पुढे कोकणात वैभववाडीपर्यंत नेण्याची मागणी जुनी आहे. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी 'थेट पाइपलाइन' 2023 मध्ये सुरू झाली. त्याआधीची कित्येक वर्षे या दोन शब्दांवर इथले राजकारण तापत असे. ब्रिटिश लष्करात शिपायांच्या रांगेने बांधलेल्या वस्तीला 'लाइन्स' म्हणत. पोलीस कुटुंबांच्या वसाहतीला 'पोलीस लाईन' म्हणतात ते त्याच वळणाने. कसबा बावड्याकडच्या 'लाइन बाजार' या नावाशेजारीही हाच अर्थ ठेवून पाहावा.

धंदा किंवा पेशा हा अर्थ इथे फार जोरकस आहे. 'पोरगं कुठल्या लाईनला हाय?' या प्रश्नाला फाउंड्री लाईन, हुपरीकडची चांदीची लाईन, ट्रान्सपोर्ट लाईन अशी उत्तरे येतात. चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या आणि 'प्रभात' फिल्म कंपनीच्या या गावात 'फिल्म लाईन' हे उत्तरही एके काळी नवलाचे नव्हते. 'लाईनीला लागणे' म्हणजे कामधंद्यात स्थिर होणे. 'मार्गी लागणे' या जुन्या वाक्प्रचाराची जागा त्याने बरीचशी घेतली आहे.

शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्यांत लाईन म्हणजे मैदानाची आखलेली कड. चेंडू 'लाईनीच्या भाईर' गेला की गॅलरीतून एकच गलका होतो. 'लाईन मारणे' म्हणजे प्रेमाच्या इराद्याने मागे लागणे. मुलीची इच्छा नसेल तर तो त्रासच असतो, हे शब्दाच्या हलक्याफुलक्या सुरात झाकले जाते.

पंचगंगाकाठच्या ऊसपट्ट्यात मात्र नुसते 'लाईन' म्हटले की वीज. शेतीपंपाला थ्री फेज पुरवठा लागतो आणि तो पाळीने मिळतो. एका आठवड्यात दिवसाची लाईन, तर दुसऱ्यात रात्रीची. तार तुटली की लाईनमनला शोधायचे, फ्यूज गेला की डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीकडे, धावायचे. रात्रीच्या लाईनीला शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरतो, कारण चिखलात, पाल्याखाली साप असतो. 'लाईन आली का रं?' अशी हाक अंधारात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाते. तिचा अर्थ, मोटार चालू कर आणि दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, चल.