गोदामातली गोष्ट मीटिंगमध्ये का पोहोचत नाही?

मृग लागायला आठवडा होता आणि आमच्या मीटिंगमध्ये सोयाबीनच्या बियाण्याचा विषय दीड तास चालला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी तांत्रिक काम पाहतो. आम्ही सहा जण आहोत: व्यवस्थापक, हिशेब पाहणाऱ्या ताई, गावोगाव फिरणारे दोन समन्वयक, गोदाम सांभाळणारे भाऊ आणि मी. सभासदांकडून घेतलेलं घरचं बियाणं चाळून सभासदांनाच द्यायचं की बाहेरून आणायचं, एवढंच ठरवायचं होतं. त्या दीड तासात आम्ही भावावर बोललो. बाहेरच्या बॅगेचा भाव, मागच्या वर्षीचा भाव, शेजारच्या तालुक्यातला भाव. शेवटी घरचंच द्यायचं ठरलं.

पेरणी झाली, पाऊसही बरा झाला. आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका शिवारात जाऊन पाहिलं तर पेरणीच्या ओळीत रोपांपेक्षा मोकळी जागा जास्त दिसत होती. माती उकरली की फुगून कुजलेले दाणे हाताला लागत होते.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. उजव्या भिंतीकडच्या थप्पीवर मार्चच्या अवकाळीत पत्र्यातून पाणी गळलं होतं आणि ती पोती उतरवताना हमालांनी वरून आपटली होती, हे गोदामवाल्या भाऊंना माहीत होतं. त्या गावात सोयाबीन काढताना थ्रेशर फार वेगात चालवला होता, हे एका समन्वयकाला माहीत होतं. सोयाबीनचं टरफल इतकं पातळ असतं की नुसत्या आपटण्याने किंवा थ्रेशरच्या ड्रमच्या माराने त्याला बारीक तडे जातात. दाणा वरून धडधाकट दिसतो, पण आतला अंकुर दुखावलेला असतो. ताईंनी तर त्याच थप्पीतले शंभर दाणे घरी नेऊन ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत गुंडाळून ठेवले होते. त्यातले ५२ उगवले. पेरायला किमान ७० उगवायला हवेत. मी स्वतः केलेल्या तपासणीत ७६ आले होते, पण माझा नमुना दाराजवळच्या थप्पीतला होता. माझा आकडा मी सगळ्यांना सांगितला होता, म्हणून ताईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल.

मी भाऊंना विचारलं, मीटिंगमध्ये बोलला का नाहीत? ते म्हणाले, "भाऊ, तो ढीग तं मी आधीच पाह्यला होता. पन मले कोनी इचारलंच नाई."

तिघांकडे तीन तुकडे होते. ते एकत्र आले असते तर शाळेतल्या मुलानेही ती थप्पी बाजूला काढली असती. सहा जण दीड तास एका खोलीत बसले आणि तरी ते एकत्र आले नाहीत. माणसं कामचुकार नव्हती, भांडणही नव्हतं. त्यानंतर मी यावर वाचायला लागलो आणि कळलं की यामागे दहावीच्या पुस्तकातल्या संभाव्यतेचं गणित आहे. ते मला इतकं आवडलं की इथे सविस्तर मांडतो.

१९८५ साली अमेरिकेत गेरॉल्ड स्टासर आणि विल्यम टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट केले आणि तीन काल्पनिक उमेदवारांतून विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष निवडायला सांगितलं. तिघांत एक उमेदवार उघड सरस होता. सगळी माहिती सगळ्यांना दिली तेव्हा बहुतेक गटांनी त्यालाच निवडलं. मग त्यांनी तीच माहिती वाटून दिली. सरस उमेदवाराचे गुण थोडे याच्याकडे, थोडे त्याच्याकडे, आणि दुसऱ्या उमेदवाराचे गुण मात्र सगळ्यांकडे. गटाकडे मिळून माहिती पूर्ण होती, फक्त बोलून जुळवायची होती. आता एक-चतुर्थांशाहूनही कमी गटांनी योग्य माणूस निवडला. पुढे असे खूप प्रयोग झाले. २०१२ साली अशा ६५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात दिसलं की माहिती वाटलेली असलेल्या गटांना योग्य उत्तर सापडण्याची शक्यता, पूर्ण माहिती असलेल्या गटांच्या तुलनेत आठपटीने कमी असते.

आता गणित. समजा, एखादी गोष्ट माहीत असलेला माणूस ती मीटिंगमध्ये आठवून बोलण्याची शक्यता दहात तीन, म्हणजे ०.३ आहे. विषय सुचला पाहिजे, आपली पाळी आली पाहिजे, धीर झाला पाहिजे, म्हणून एवढीच धरू. ही गोष्ट सहाही जणांना माहीत असेल तर ती कोणीच न बोलण्याची शक्यता किती? पहिला न बोलण्याची ०.७, दुसरा न बोलण्याची ०.७, असा ०.७ चा सहा वेळा गुणाकार. उत्तर येतं सुमारे ०.१२. म्हणजे ती गोष्ट निघण्याची शक्यता ०.८८. बियाण्याच्या भावाचं असंच होतं: सहा तोंडांपैकी एकातून तरी तो निघणारच. पण गोष्ट एकालाच माहीत असेल तर ती निघण्याची शक्यता ०.३ च राहते. त्याच्या बदल्यात बोलणारं दुसरं कोणी नसतं.

आमच्याकडे असे तीन तुकडे होते. तिन्ही निघण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३, म्हणजे ०.०२७. अशा शंभर मीटिंगांमध्ये जेमतेम तीन.

आता इथे आणखी माणसं बोलावली तर? आपल्याकडे विषय महत्त्वाचा असला की खुर्च्या वाढवतात. बारा जण बसले तर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट निघण्याची शक्यता ०.८८ वरून ०.९९ च्या जवळ जाते. एकट्याची गोष्ट ०.३ वरच राहते, उलट बोलायला वाटणीला येणारा वेळ निम्मा झाल्याने कमीच होते. गर्दी वाढली की सर्वांना ठाऊक असलेलंच आणखी ठामपणे बोललं जातं.

एक पायरी पुढे जाऊ. सगळ्यांना माहीत असलेल्या सहा गोष्टी आहेत आणि प्रत्येकाकडे स्वतःच्या तीन-तीन आहेत. म्हणजे टीमकडे एकूण ६ + १८ = २४ गोष्टी झाल्या. त्यात सामायिक गोष्टींचा हिस्सा चौथा. पण प्रत्येकाच्या डोक्यात नऊच गोष्टी आहेत, सहा सामायिक आणि तीन त्याच्या. कोणीही तोंड उघडलं आणि त्या नवांतली कुठलीही एक बोलला, तर ती सामायिक असण्याची शक्यता नवात सहा, म्हणजे दोन-तृतीयांश. टीमच्या ज्ञानात चौथा हिस्सा असलेली माहिती पहिल्या वाक्यात दोन-तृतीयांश जागा घेते. सामायिक गोष्टी बोलून संपत जातात तसा उरलेल्या साठ्यात एकेकट्याच्या गोष्टींचा वाटा वाढतो, म्हणून त्या उशिरा निघतात. खऱ्या डॉक्टरांच्या तीन-तीन जणांच्या टीमवर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: रुग्णाबद्दल तिघांनाही माहीत असलेली लक्षणं आधी आणि जास्त बोलली गेली, एकालाच माहीत असलेली मागाहून. मीटिंग संपून चपला घालताना उंबरठ्यावर कोणीतरी सगळ्यात कामाचं वाक्य बोलतं, हा अनुभव प्रत्येक ऑफिसात असेल. ते वाक्य नेमकं तेव्हाच का येतं, याचं उत्तर या भागाकारात आहे.

यावर माणसाच्या स्वभावाची भर पडते. आपण बोललेलं समोरच्यालाही माहीत असलं की तो मान डोलावतो आणि आपण हुशार ठरतो. नवीनच काही सांगितलं तर कोणी मान डोलावत नाही, कारण ते खरं की खोटं हे कोणाला ठाऊकच नसतं. सामायिक गोष्टी बोलणाऱ्याला गट जास्त जाणकार समजतो, हे प्रयोगांतही दिसलं आहे. ताईंचे ५२ दाणे माझ्या ७६ दाण्यांपुढे गप्प बसले ते याच कारणाने.

त्या हंगामानंतर आम्हाला बरेच सल्ले मिळाले. अध्यक्षांची खुर्ची नैर्ऋत्येला ठेवून तोंड पूर्वेला करा म्हणजे निर्णय चुकत नाहीत, असं एका सद्गृहस्थांनी सांगितलं आणि टेबल फिरवण्यात एक दुपार गेली. माझं स्पष्ट मत आहे की खुर्चीच्या दिशेने निर्णय सुधारतो, असं मानायला कसलाही आधार नाही. भाऊंच्या डोक्यातली गोष्ट टेबल फिरवून बाहेर येत नाही, त्यासाठी भाऊंना विचारावं लागतं. एका प्रशिक्षकांनी उभ्याने मीटिंग घ्यायला सांगितलं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या १११ गटांच्या तुलनेत, बसून घेतलेल्या बैठका उभ्याने घेतलेल्यांपेक्षा ३४ टक्के लांबल्या. वेळ वाचला, निर्णयाच्या दर्जात मात्र फरक पडला नाही. आणि आता मीटिंगचं इतिवृत्त आपोआप लिहून देणाऱ्या ॲपची जाहिरात जोरात आहे. ॲप बोललेलं लिहितं. आमचं नुकसान न बोललेल्या गोष्टीने झालं होतं.

गणिताकडे पुन्हा पाहिलं तर उपाय त्यातच दिसतो. माणसं वाढवून काही होत नाही, तो ०.३ वाढवायला हवा. नाव घेऊन, त्याच्याच कामाबद्दल विचारलं आणि ती शक्यता ०.९ झाली, तर तिन्ही तुकडे निघण्याची शक्यता ०.०२७ वरून ०.७३ होते. चेहरे तेच, खोली तीच आणि फरक २७ पटींचा.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलण्याआधी लिहिणं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली प्लिमथच्या पशुप्रदर्शनात बैलाच्या वजनाच्या अंदाजांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. कापून साफ केल्यावर बैल किती भरेल, हे लोकांनी लिहायचं होतं. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मधला अंदाज १२०७ पौंड आला, खरं वजन होतं ११९८. एक टक्क्याहूनही कमी चूक. हे जमलं कारण प्रत्येकाने दुसऱ्याचं न ऐकता लिहिलं होतं. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची जुनी रीत आहे. एकाने काय भाव बोलला ते दुसऱ्याला कळत नाही, म्हणून दुसरा आपल्या डोळ्यांनी बैल पाहून बोलतो. दोन्हीकडे अंदाज आधी पक्का होतो आणि दुसऱ्याचं ऐकणं नंतर येतं.

आणि तिसरी गोष्ट गडचिरोली जिल्ह्यातली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवले. अभ्यासगटात बसून विषय नुसता समजून घ्यायचा, तिथे काही ठरवायचं नाही. ठरवायचं ग्रामसभेत, तेही मतदानाने नाही तर सर्वसहमतीने. याच गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. निर्णयाची घाई नसली की माणूस बाजू घेत नाही, आणि बाजू घेतली नसली की आपल्या बाजूला न जुळणारी गोष्टही बोलतो. सर्वसहमतीचंही तसंच आहे. मतदानात भाऊंचं मत सहातलं एक होतं आणि पाचांनी ते झाकलं असतं. सहमतीत त्यांना विचारल्याशिवाय पुढेच जाता येत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातली तरतूदही मला याच हिशेबाने फार मोलाची वाटते. अनेक गावांत ती कागदावरच उरकतात, त्याचं वाईट वाटतं.

आम्ही मोठं काही केलं नाही. सोमवारच्या मीटिंगच्या आधी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर "हे फक्त मला माहीत असावं" अशी एक गोष्ट लिहायची. भाऊंना लिहायचा कंटाळा आहे, म्हणून रविवारी संध्याकाळी कोणीतरी गोदामात जाऊन त्यांच्यासोबत थप्प्यांमधून फेरी मारतं आणि ते सांगतील ते उतरवून आणतं. मीटिंगमध्ये आधी सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या, तोवर भाव आणि निर्णय यांवर कोणी बोलायचं नाही. व्यवस्थापक शेवटी बोलतात. त्यांना हे सुरुवातीला जड गेलं, कारण लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचे. आणि जे नुसतं कळवायचं आहे, जसं पीक विम्याची तारीख किंवा खताच्या गाडीची वेळ, ते ग्रुपवर टाकायचं. त्यासाठी सहा जणांना बसवायचं नाही.

पुष्कळ चिठ्ठ्या किरकोळ निघतात. मागच्या पंधरवड्यात तीनदा उंदरांबद्दल आलं. पण यंदा बियाण्याच्या मीटिंगला भाऊंच्या कागदावर पहिलीच ओळ होती: "उजव्या भितीकडची पोती नवी दिसते, पन खालची लाइन जुनीच हाय." आम्ही सहाही जण उठलो, गोदामात गेलो आणि खालच्या ओळीतल्या प्रत्येक पोत्यातून मूठ-मूठ दाणे काढले. ताईंनी गोणपाट भिजत घातलं होतंच.